खड्डा डोक्याएवढा झाला की थांबायचं

दर वेळी आम्ही बचतीवर, कर्जफेडीवर, शेळीपालनावर नाही तर मुलींच्या शाळेवर बोलतो. आज मातीवर बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, मातीत काय सांगायचं? जन्मापासून मातीतच तर आहोत. म्हणूनच सांगायचं आहे. जी रोजची ओळखीची, तिची भीती आपल्याला वाटत नाही.

धानाची मळणी आटोपली की आपल्याकडे बऱ्याच घरांना वावरात काम उरत नाही. मग कुणी रोजगार हमीवर जाते, कुणी नळाच्या पाइपलाइनवर, कुणी घरकुलाच्या पायावर, तर कुणी नवऱ्यासोबत नागपूर-पुण्याला बांधकामावर. ही सगळी कामं सुरू होतात ती खड्ड्याने. पुरुष खणतात किंवा जेसीबीने खणतात, आणि आपण घमेलं उचलतो. त्यामुळे आपल्याला वाटतं, खड्ड्याचा धोका खणणाऱ्याला. आपण काय, वरच्या वर माती वाहतो. हे खरं नाही, ते आम्हाला एका दुपारी कळलं.

त्या दुपारी काय झालं

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. गावापासून थोड्या अंतरावर पाइप टाकण्यासाठी नाली खणणं सुरू होतं. आमच्या गटातल्या सहा बाया तिथे रोजीने जात होत्या. बाकी ठिकाणी नाली कमरेएवढीच होती. पण एका जागी रस्त्याखालून पाइप न्यायचा होता, तिथे ती पुरुषभर खोल गेली होती. दोन्ही बाजू भिंतीसारख्या सरळ. निघालेली माती काठालाच ढीग करून ठेवलेली. जेवायची सुट्टी झाली. आजूबाजूला एक झाड नाही, आणि नालीत मात्र सावली आणि गारवा. तिघी जणी शिदोरी घेऊन खाली उतरल्या.

आमच्यातल्या एक मावशी वरच थांबल्या. त्यांचे गुडघे दुखतात, उतरणं-चढणं जमत नाही. काठापासून हातभर अंतरावर त्यांना जमिनीत एक बारीक भेग दिसली. काठाला धरून लांबपर्यंत गेलेली. सकाळी ती नव्हती. मावशी म्हणाल्या, "बायांनो, वर या. ही भेग काही बरी दिसत नाही."

खालच्या हसल्या. "मावशी, दोन घास खाऊ द्या ना."

मावशींनी काही ऐकलं नाही. ओरडून ओरडून तिघींना वर काढलं. त्या कुरकुरत आल्या, पाणी प्यायल्या, आणि तेवढ्यात काठ खाली बसला. फार मोठा आवाजही झाला नाही. धप्प झालं आणि धूळ उडाली. तिघी जिथे बसल्या होत्या, बरोबर तिथे ट्रॉलीभर माती. एकीची शिदोरी आणि चप्पल त्या मातीखालीच गेली.

मुकद्दम आला, बघून म्हणाला, "कुणाला लागलं नाही ना? मग उचला माती." आणि आम्ही उचलली. त्याच नालीत उतरून, त्याच काठाखाली उभं राहून उचलली. रोजी बुडेल म्हणून कुणी तोंड उघडलं नाही. हे सांगताना आम्हाला आजही लाज वाटते. पण त्या आठवड्याच्या बैठकीत आम्ही दुसरा कोणताच विषय घेतला नाही. माती का पडली, पडायच्या आधी काय दिसतं, नियम काय आहेत आणि पुढच्या वेळी काय करायचं, हे आम्ही शिकायला बसलो. जे शिकलो ते आज तुम्हाला सांगतो.

माती का पडते?

खळ्यावर धानाची रास आठवा. रास कधी भिंतीसारखी सरळ उभी राहते का? नाही. एका उतारावर येऊन थांबते. खालून सूपभर धान काढलं की वरचं घसरत खाली येतं. मातीचंही तसंच आहे. फरक एवढाच, की मातीत ओल असते, चिकटपणा असतो, म्हणून ती काही वेळ सरळ उभी राहते. कधी तासभर, कधी दोन दिवस, कधी आठवडाभर. पण त्या उभं राहण्याचा भरवसा नाही. "काल दिवसभर काही झालं नाही" याचा अर्थ आज होणार नाही, असा नसतो. उलट खड्डा जितका जास्त वेळ उघडा, तितका तो कमजोर.

दुसरं उदाहरण आपल्या मामा तलावांचं. तलावाची पाळ बघा. खाली रुंद, वर अरुंद, दोन्हीकडे उतार. ज्या कोहळी लोकांनी आपल्या भागात हे तलाव बांधले, त्यांना मातीचा स्वभाव ठाऊक होता. पाळीला जसा उतार लागतो, तसाच खड्ड्याच्या बाजूंनाही लागतो. जमिनीत माती एकमेकीला टेकून असते. आपण खड्डा केला की शेजारच्या मातीचा टेका काढून घेतो. मग तिला उतार तरी द्यायला हवा, नाही तर दुसरा टेका तरी.

माती कोणती, यावरही बरंच काही ठरतं. आपले जुने शेतकरी मातीला नावाने ओळखतात: कन्हार, मोरांड, खर्डी, सिहार, बर्डी. कन्हार काळी आणि चिकट. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि भेगेपासून काठ सुटतो. रेताड माती तर मुळातच धरून राहत नाही. सगळ्यात बेभरवशाची म्हणजे एकदा खणून पुन्हा भरलेली माती. जुन्या पाइपलाइनची नाली, बुजवलेली विहीर, जुना उकिरडा. वरून ती घट्ट दिसते, पण आतून सैलच असते. आमची नाली पडली तिथेही रस्त्याकडेला आधी कधीतरी खोदकाम झालेलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं.

मातीचं वजन

हे ऐकून आम्ही सगळ्या गप्प झालो होतो. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच एवढी माती घेतली तर तिचं वजन साधारण ४५ ते ५० किलो भरतं. म्हणजे सिमेंटचं एक पोतं. ओली असेल तर त्याहून जास्त. एक ब्रास माती म्हणजे १०० घनफूट, तिचं वजन साडेचार-पाच टन. काठ पडतो तेव्हा आपल्या घमेल्यासारखी थोडी थोडी माती येत नाही. दहा-वीस पोती सिमेंट एकदम अंगावर पडावं, तसं होतं.

आणखी एक गैरसमज काढून टाका. आपल्याला वाटतं, डोकं मातीखाली गेलं तरच जीव जातो. तसं नाही. छातीपर्यंत माती आली तरी पुरे. आपण श्वास सोडतो तेव्हा छाती आत जाते. तेवढी जागा माती भरून काढते. पुढचा श्वास घ्यायला छाती फुगतच नाही. डोकं बाहेर, डोळे उघडे, आणि माणूस गुदमरतो. काही मिनिटांचा खेळ असतो. सानगडीहून साकोलीपर्यंत गाडी पोचायच्या आत सगळं आटोपलेलं असतं.

मोठ्या कामांवरही हेच होतं

कुणी म्हणेल, हे लहान ठेकेदाराच्या कामावर होतं, मोठ्या कामावर नाही. तसं नाही.

१ ऑगस्ट २०२३ ला पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यातल्या म्हसोबाचीवाडीत एका खोल विहिरीला काँक्रीटचं कडं बांधायचं काम चालू होतं. कडं आणि माती एकदम ढासळली. चार मजूर खाली गाडले गेले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची माणसं आली, मोठी यंत्रं आली, शोध काही दिवस चालला. चौघांपैकी एकही जिवंत निघाला नाही.

२९ मे २०२४ ला वसईजवळ सूर्या पाणीपुरवठा योजनेच्या कामावर खोल खड्ड्याची बाजू कोसळली. तिथे खणणारा माणूस यंत्रात बसलेला होता. यंत्रासकट तो मातीखाली गेला. यंत्रात बसलेला माणूस सुरक्षित, असं समजू नये ते यासाठी.

आणि २९ जून २०१९ ला पुण्यात कोंढव्याला जे झालं, ते तर खड्ड्यात कुणी उतरलेलं नसताना झालं. पहिल्या जोराच्या पावसात एका सोसायटीची भिंत मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर पडली. शेजारीच बांधकामासाठी खोदकाम केलेलं होतं. १५ जणांचा जीव गेला. त्यात झोपलेली लेकरं होती. आपल्यातल्या ज्या बाया बाहेरगावी बांधकामावर जातात, त्यांना आमचं हात जोडून सांगणं आहे. राहायची खोली कुठे देतात ते आधी बघा. खड्ड्याच्या काठाला, उंच भिंतीच्या बुडाशी पोरांना झोपवू नका. पाऊस लागला तर मुळीच नाही.

पडायच्या आधी माती काय सांगते?

बहुतेक वेळा काही खुणा आधी दिसतात. त्या खाली वाकून खणणाऱ्याला दिसत नाहीत. वरून घमेलं घेऊन जाणाऱ्या बाईला दिसतात. म्हणून आम्ही म्हणतो, हे ज्ञान पुरुषांच्या आधी आपल्याला हवं.

काठाला धरून जमिनीत भेग पडली असेल, तर ती पहिली खूण. खड्ड्याची बाजू पोटासारखी पुढे आली असेल, तर दुसरी. बारीक खडे, मातीचे तुकडे आपोआप खाली सुटत असतील, तर तिसरी. बाजूतून किंवा तळातून पाणी पाझरत असेल, तर चौथी. आणि काठावर उभं राहिलं की पायाखाली जमीन दबल्यासारखी वाटली, तर ती पाचवी. यातली एक जरी खूण दिसली तरी ओरडायचं, "वर या!" आधी माणसं वर काढायची, कारण काय ते मग बोलायचं. खूण खोटी निघाली तर पाच मिनिटं वाया जातील, एवढंच.

आणि खूण दिसली नाही म्हणजे खड्डा पक्का, असंही नाही. कधी कधी माती काहीच न सांगता येते. म्हणून खुणांसोबत मापाचे नियमही पाळायचे.

बाईच्या उंचीचं माप

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या ठेक्याच्या कागदांना सुरक्षेचे नियम जोडलेले असतात. भारतीय मानक ब्युरोनेही खोदकामाच्या सुरक्षेसाठी वेगळं मानक केलेलं आहे, आयएस ३७६४. म्हणजे हे आपल्या मनचं नाही, सरकारी कागदावरचं आहे. त्यातले मोठे नियम असे.

खड्डा किंवा नाली ४ फूट किंवा त्याहून खोल असेल, तर शिडी हवी. लांब नालीत दर १०० फुटांना एक. शिडी तळापासून काठाच्या वर ३ फूट निघालेली हवी, म्हणजे वर येताना हाताने धरता येते.

खड्डा ५ फूट किंवा त्याहून खोल झाला, की बाजूंना उतार किंवा पायऱ्या हव्यात. नाही तर फळ्या-बल्ल्यांचा भक्कम टेका हवा.

निघालेली माती काठापासून निदान ५ फूट लांब टाकायची, किंवा खड्ड्याच्या खोलीच्या निम्म्या अंतरावर. दोन्हींत जे जास्त असेल ते धरायचं.

खणायचं ते वरून खाली. खालून पोखरायचं नाही, कधीच नाही.

आता टेप कुठून आणायचा? गरज नाही. आपल्यातली साधारण बाई पाच फुटांच्या आसपास असते. खड्ड्याशेजारी उभं राहून अंदाज घ्या. काठ छातीच्या वर आला, तर शिडी मागायची. डोक्याएवढा झाला, तर थांबायचं. उतार किंवा टेका दिल्याशिवाय आत पाय टाकायचा नाही. आणि मातीचा ढीग किती लांब हवा? बाई आडवी झोपली तर डोक्यापासून पायापर्यंत जेवढं अंतर होतं, निदान तेवढा. आमच्या बैठकीत एका वहिनींनी हे खरंच झोपून दाखवलं. सगळ्या हसल्या, पण माप कुणी विसरलं नाही.

ढीग काठावर का नको? एक तर त्याचं वजन काठाला खाली दाबतं. शिवाय त्यातले दगड खालच्याच्या डोक्यात पडतात. ट्रॅक्टर, टिप्पर, जेसीबी काठाजवळ आले तरी तेच. वजन तर पडतंच, वर जमीन हादरते. खाली माणूस असताना गाडी काठापासून लांब थांबली पाहिजे. आणि रोज सकाळी, तसंच पाऊस येऊन गेल्यावर, उतरायच्या आधी कामावरच्या जाणत्या माणसाने सगळा काठ फिरून बघितला पाहिजे.

ठेकेदार उतार का देत नाही?

याचा हिशोब आम्ही पाटीवर मांडून पाहिला. समजा नाली ६ फूट खोल आणि तळाशी २ फूट रुंद आहे. सरळ खणली तर एक फूट लांबीला १२ घनफूट माती निघते. आता साधारण मातीत जेवढी खोली तेवढा दोन्हीकडे उतार द्यायचा म्हटलं, तर वरची रुंदी १४ फूट होते. तेव्हा एक फूट लांबीला ४८ घनफूट माती निघते. म्हणजे चौपट. रेताड किंवा पाझरणाऱ्या मातीत उतार आणखी लागतो. खणायला डिझेल, भरायला डिझेल, आणि गावात तर घरांच्या मध्ये १४ फूट जागाच नसते. म्हणून उतार टाळला जातो.

पण मग दुसरा मार्ग आहे ना, टेक्याचा. दोन्ही बाजूंना फळ्या उभ्या करायच्या आणि मध्ये आडव्या बल्ल्या घट्ट बसवायच्या. त्या पुढच्या तुकड्याला पुन्हा वापरता येतात. टेका देताना वरून खाली द्यायचा आणि काढताना खालून वर काढायचा, आणि हे जाणत्या मिस्त्रीचंच काम आहे. दोन बांबू आडवे टाकले म्हणजे टेका झाला नाही. तिसरा मार्ग सगळ्यात सोपा. जे काम वरूनच होतं, ते वरूनच करायचं. पाइपचे तुकडे वर जोडून खाली सोडता येत असतील, तर माणूस उतरवायचाच कशाला?

घरची कामंही त्यात आली

हे नियम ठेकेदाराच्या कामापुरते नाहीत. दिवाळीच्या आधी भिंती पोतायला आपण पांढरी माती आणायला जातो. वरची माती काळपट, चांगली पांढरी खाली. मग आपण काय करतो? खालून कोरत कोरत आत जातो. डोक्यावर छत तयार होतं, ज्याला खालून काहीच आधार नाही. मुरमाच्या खदानीतही तेच. धानाच्या राशीखालून सूप भरण्याचा हा प्रकार आहे, फक्त इथे राशीखाली आपलं डोकं असतं. पांढरी माती हवीच असेल तर आधी वरची माती बाजूला काढा. पोरींना सोबत नेऊन आत पाठवू नका.

शौचालयाचा खड्डा, शोषखड्डा, घरकुलाचा पाया, वावरातली विहीर, सगळ्यांना हेच माप. आणि जुन्या विहिरीत किंवा शौचालयाच्या बंद टाकीत उतरायची वेळ आली, तर तिथे विषारी हवेचा वेगळाच धोका असतो. तिथे कुणीही असंच उतरू नये. त्यावर आम्ही वेगळं बोलू.

खड्डा रात्री उघडा राहणार असेल, तर भोवती बांबू बांधा, लाल कापड लावा. गावात म्हातारी माणसं असतात, पोरं असतात, गाई-म्हशी असतात.

कुणी गाडलं गेलं तर

आपला माणूस मातीखाली दिसला की आपण धावतो. कुणीही धावेल. पण एकदा पडलेला काठ पुन्हा पडतो, कारण वरची माती आता आणखीच सुटी झालेली असते. एकाला काढायला चौघं उतरतात, आणि मग पाच जण मातीखाली जातात. म्हणून हे आधीच पाठ करून ठेवायचं.

सगळ्यात आधी सगळ्यांना काठापासून मागे घ्या. जेसीबी, ट्रॅक्टर, मोटारपंप बंद करा. खाली कोण कोण होतं ते नावाने मोजा. एकीने लगेच १०८ वर रुग्णवाहिका आणि ११२ वर पोलीस बोलवायचे. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. मोठं पथक यायचं तर नागपूरहून येणार, आणि नागपूर साकोलीपासूनच शंभरेक किलोमीटर. म्हणून फोन करायला उशीर नको.

माणूस अर्धा गाडलेला असेल आणि दिसत असेल, तर त्याच्याशी बोलत राहा. दोन्ही बाजूंना फळ्या, दारं, खाटा, जे मिळेल त्याचा टेका लावल्यावरच एखाद-दोघांनी जवळ जायचं. कमरेला दोर बांधून जायचं, आणि दोर वरच्यांनी धरायचा. आधी तोंड आणि छाती हातांनी मोकळी करायची. दोराने ओढून काढायचं नाही, पाठीचं हाड आणि हात-पाय तुटतात. त्याच्याजवळ जेसीबीचा पंजा लावायचा नाही. तो निघाला आणि "मला काही झालं नाही" म्हणाला, तरी दवाखान्यात न्यायचंच. पाय बराच वेळ दबलेले असले, तर मोकळे झाल्यावर अंगात विष पसरून किडन्यांवर परिणाम होतो.

आपली नोंद

घमेलं उचलणारी बाईसुद्धा बांधकाम कामगारच आहे. १९९६ सालच्या केंद्राच्या कायद्यातून पुढे आपल्या राज्यात बांधकाम कामगारांचं कल्याणकारी मंडळ उभं राहिलं. वय १८ ते ६० आणि गेल्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केलेलं असेल, तर त्यात नोंदणी होते. ९० दिवसांचा दाखला ठेकेदाराकडून घ्यावा. नोंदणीचं नूतनीकरण विसरू नका. नोंदणी चालू असलेल्या कामगाराचा कामावर अपघाती मृत्यू झाला, तर वारसाला ५ लाख रुपयांची मदत मंडळाकडून मिळते. शिवाय कामावरच्या अपघाताची भरपाई देणं ही कामावर ठेवणाऱ्याची कायद्याने जबाबदारी आहे. ती १९२३ सालच्या कायद्यापासून चालत आली आहे.

पण आपली अडचण कुठे होते? ती बाई त्या दिवशी त्या कामावर होती, याचाच पुरावा नसतो. म्हणून आमच्या गटाने बचतीच्या वहीच्या मागच्या पानांवर एक नोंद सुरू केली. तारीख, कोण कुठे कामाला गेली, ठेकेदाराचं नाव, मुकद्दमाचा फोन. दोन मिनिटांचं काम आहे.

नाही कसं म्हणायचं?

शेवटी येतो तो हाच प्रश्न. नियम सगळे कळले, पण एकटी बाई उद्या सकाळी मुकद्दमाला कशी म्हणेल, "मी उतरत नाही"? तो म्हणेल, "नको उतरू, घरी जा. दुसरी आहे."

आमच्याकडे तसंच झालं. पुढच्या कामावर पुन्हा डोक्याएवढी नाली होती. आम्ही सगळ्यांनी ठरवून सांगितलं, "भाऊ, काम करायचं आहे. पहिले बाजूला उतार द्या, मग उतरतो. तोवर वरची माती लांब टाकतो." भाऊ चिडले. दोघी जणी भीतीने उतरल्या, चौघी उतरल्या नाहीत. त्या चौघींची त्या दिवशीची रोजी गेली. हे आम्ही लपवत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जेसीबीने एका बाजूला पायऱ्या काढून दिल्या आणि काठावरचा ढीग मागे सारला. टेका काही मिळाला नाही, आणि दुसरी बाजू सरळच राहिली. म्हणून आम्ही उतरलो नाही, वरूनच काम केलं. म्हणजे पूर्ण जिंकलो असं नाही. पण उतरलेल्या दोघीही त्या दिवशी वरच थांबल्या.

त्यानंतर गटाने एक ठराव लिहिला. खड्डा धोक्याचा म्हणून ज्या बाईची रोजी बुडेल, तिने त्या आठवड्याची बचत उशिरा भरली तरी दंड घ्यायचा नाही. आणि घरात अडचण असेल तर तिच्या कर्जाची मागणी पहिली घ्यायची. रक्कम काही मोठी नाही. पण आपल्या मागे गट आहे एवढं माहीत असलं की बाईला "थांबा" म्हणता येतं.

त्या मावशींचे गुडघे अजून दुखतात. आता त्या कामावर घमेलं कमी उचलतात. आम्हीच त्यांना काठापासून लांब, एका जागी उभं करतो आणि सांगतो, मावशी, तुम्ही फक्त काठाकडे बघा.

पुढच्या बैठकीत हे मोठ्याने वाचा

१. काठ छातीच्या वर आला, तर शिडी. डोक्याएवढा झाला, तर उतार किंवा टेका. नाही तर उतरायचं नाही.

२. मातीचा ढीग काठापासून बाईच्या उंचीएवढा लांब. गाड्या त्याहून लांब.

३. खालून पोखरायचं नाही. ना ठेकेदाराच्या कामावर, ना घरच्या पांढऱ्या मातीसाठी.

४. खड्ड्यात बसून जेवायचं नाही. लेकरू झोपवायचं नाही. सावली हवी तर मुकद्दमाकडे ताडपत्री मागा.

५. माणसं खाली असताना एक बाई वर, फक्त बघायला. तिने "वर या" म्हटलं की सगळ्यांनी वर.

६. कुणी गाडलं गेलं तर आधी काठ मोकळा, मग फोन, मग टेका, मग माणूस.

७. कोण कुठे कामाला गेली, ते रोज वहीत.

तुमच्या गटाने काय ठरवलं, ते आम्हाला नक्की कळवा.